वागळे आठवतो, मग कुंदन शाह का नाही?

कर्जत लोकलच्या आमच्या डब्यात एक गृहस्थ होते. फोर्टमधल्या एका कंपनीत कारकून. डब्यात सगळे त्यांना ‘वागळे’ म्हणायचे. खरं आडनाव वेगळंच होतं, पण पहाटेची गाडी धरून रात्री परतणाऱ्या माणसाला डबा जे नाव देतो तेच चिकटतं. त्यात चिडवणं नव्हतं. चौथ्या सीटवर अर्धवट टेकूनही त्यांनी कधी कुरकुर केली नाही. गाडी वांगणीजवळ रखडली, की ‘आज लेटमार्क’ एवढंच पुटपुटायचे. ‘वागळे की दुनिया’ दूरदर्शनवर आली १९८८ साली. तेव्हा पडलेलं नाव त्यांच्या निवृत्तीपर्यंत टिकलं.

७ ऑक्टोबर २०१७ ला, शनिवारी, कुंदन शाह गेले. सगळीकडे एकच मथळा होता: ‘जाने भी दो यारो’चे दिग्दर्शक गेले. ते खोटं नव्हतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या या माणसाने १९८३ मध्ये बिल्डर, अधिकारी आणि वर्तमानपत्रवाले यांचं साटंलोटं ज्या धिटाईने उघडं केलं, तशी धिटाई हिंदी पडद्यावर पुन्हा फारशी दिसली नाही. त्या चित्रपटासाठी मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार त्यांनी २०१५ मध्ये, फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनाच्या बाजूने उभं राहत परत केला. तरीही त्या मथळ्याने माझं समाधान झालं नाही. सोमवारी गाडीत मी बातमी काढली तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. “‘नुक्कड’ आणि ‘वागळे’ त्यांचंच,” असं म्हटल्यावर चार-पाच माना एकदम वर झाल्या.

माझं म्हणणं हे आहे की, कुंदन शाह यांचं सर्वांत मोठं काम घराघरांतल्या त्या छोट्या पडद्यावर झालं, आणि आपण त्याची नीट दखल घेतली नाही.

आमच्याकडे टीव्ही आला तो कृष्णधवल. कौलांवरच्या अँटेनाला वारा लागला, की चित्रात मुंग्या यायच्या. वडील वर चढायचे, मी खिडकीतून ओरडायचो, “आलं… आलं… गेलं!” शुक्रवारी रात्री ‘ये जो है जिंदगी’ असायची, म्हणून वडील त्या दिवशी संध्याकाळीच शिडी लावून ठेवत. १९८४ ची ही मालिका शरद जोशींनी लिहिलेली. कुंदन शाह तिच्या दिग्दर्शकांपैकी एक. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी यांचं घर तेच राहायचं आणि सतीश शाह दर भागात नवा माणूस होऊन त्या घरात शिरायचे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सतीश शाहही गेले, तेव्हा मला सगळ्यात आधी ती शिडी आठवली.

१९८६ मध्ये सईद मिर्झा आणि कुंदन शाह यांनी ‘नुक्कड’ आणली. वायरमन गुरू, सायकलवाला हरी, हॉटेलवाला कादरभाई, भिकारी घनशू, घरकाम करणारी राधा आणि कायम तर्र असलेला खोपडी. अजय वढावकरांचा गणपत हवालदार तर आपल्या चौकीत सहज खपला असता. कर्जत स्टेशनच्या बाहेर किंवा खोपोलीच्या नाक्यावर ही माणसं रोज दिसत होती. पण त्यांचा दिवस हा गोष्टीचा विषय होऊ शकतो, हे तेव्हाच कळलं. समीर खक्करांचा खोपडी झिंगून कोलमडला की आपण हसायचो. मात्र कॅमेरा तिथून हलायचा नाही. त्याला उठवणारा हात दिसेपर्यंत तो थांबायचा.

‘वागळे’मध्ये ही नजर आणखी मुरली. पात्रं आर. के. लक्ष्मण यांची, निर्मिती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. अंजन श्रीवास्तव यांचा वागळे भित्रा आहे, पण लाचार नाही. साहेबापुढे त्याची जीभ अडखळते, घरी आल्यावर भारती आचरेकरांची राधिका त्याच्याकडे नुसतं बघते, आणि त्या बघण्यातच सगळा संसार येतो. हसू येतं ते त्याच्या अडचणीचं. त्याच्या रूपाचं, आडनावाचं, पगाराचं कधीच नाही. आजच्या विनोदी कार्यक्रमांत जाडेपणावर, रंगावर, बाईचा वेष घेतलेल्या पुरुषावर हशा मिळवला जातो. त्याचा मला मनापासून त्रास होतो.

यावर कुणी म्हणेल, तेव्हा फक्त दूरदर्शन होतं, लागेल ते लोक बघत. हे खरं आहे. पण त्याच दूरदर्शनवर लागलेल्या कितीतरी मालिकांची नावंसुद्धा आज कुणाला सांगता येत नाहीत. आणि २०२१ मध्ये ‘सब’ वाहिनीने वागळ्यांची पुढची पिढी आणली, तेव्हा तेच अंजन श्रीवास्तव, त्याच भारती आचरेकर आजी-आजोबा म्हणून परत आले आणि सुमीत राघवन त्यांचा मुलगा झाला. तेहतीस वर्षांनीही त्या आडनावाला घर होतं.

एक उणीव मात्र मान्य करायला हवी. वागळेचं जग शहरी पगारदारांचं होतं. खालापूरच्या वीटभट्टीवरचा कातकरी त्यात नव्हता, आणि ‘नुक्कड’चा नाकाही शहरातलाच. आमच्या भागातल्या अर्ध्या लोकांनी त्या पडद्यावर स्वतःला पाहिलंच नाही.

दिग्दर्शकाचं नाव हरवण्याचं एक कारण मालिकेच्या घडणीतच आहे. लेखक एक, पात्रांचा जनक दुसरा, निर्माता तिसरा. शिवाय नावं झरझर सरकून जातात आणि तोवर घरात कुणीतरी पानं घ्यायला उठलेलं असतं. काम इतकं मुरलं की करणारा दिसेनासा झाला, असंही म्हणता येईल. मला ते पटत नाही. ज्याने आपल्याला न दुखावता हसवलं, त्याचं नाव आपल्याला ठाऊक असायला हवं होतं.

त्या सोमवारी परतीच्या गाडीत आमचे ‘वागळे’ नेरळपर्यंत गप्पच होते. कर्जतला उतरून पुलाची पायरी चढता चढता थांबले आणि मला म्हणाले, “नाव काय म्हणालात हो सकाळी?”

“कुंदन शाह.”

त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हटलं. “घरी सांगतो,” म्हणाले. “आमच्या हिला राधिका फार आवडायची.”