दिव्याचे तेल आणि ताटातला घास

दिवा लावण्यासाठी दुसऱ्याच्या ताटातला घास घ्यावा काय? असे विचारले तर कोणीही सज्जन मनुष्य नाहीच म्हणेल. परंतु आज पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा मद्यार्क उसापासून, तसेच मका व तांदळापासूनही काढतात. अन्नासाठी राखता आली असती अशी जमीन व पाणी त्यासाठी खर्ची पडते. इंधनाचे पीक अन्नाचे नसावे व ते शेतीस निरुपयोगी जमिनीवर घ्यावे, असे भारत सरकारच्या २००९ च्या जैवइंधन धोरणात म्हटले होते. २०१८ च्या धोरणाने उसाचा रस आणि गरजेहून अधिक ठरलेले धान्य यांनाही वाट मोकळी केली. सोय झाली खरी. पण मूळचा प्रश्न तसाच राहिला.

बमरोलीत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची गावे खानदेशात आहेत. तिकडे काळ्या मातीत पिके डोलविणारी तापी सुरतेच्या पुढे समुद्रास मिळते, तेथे ओलपाडच्या बाजूस खारपड जमीन लागते. मातीत मीठ वाढले की ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून तेथे ज्वारी तगत नाही. सॅलिकॉर्निया नावाची पर्णहीन, मांसल कांड्यांची वनस्पती मात्र हे मीठ आपल्या पेशींत वेगळे साठवून जगते. तिच्या एका अमेरिकी जातीच्या बियांत सुमारे २८ टक्के तेल असते. अबुधाबीत मत्स्यतळ्यांतून निघालेल्या खाऱ्या पाण्यावर ती वाढविण्यात आली, आणि १६ जानेवारी २०१९ रोजी तेथून ॲम्स्टरडॅमला गेलेल्या विमानाच्या इंधनात तिच्या तेलापासून केलेले इंधन मिसळलेले होते. आपल्याकडे भावनगरच्या मीठ व सागरी रसायनांच्या केंद्रीय संशोधन संस्थेने या कुळाचा, तर भरूचच्या मृदा लवणता संशोधन केंद्राने खाऱ्या काळ्या जमिनीत वाढणाऱ्या तेलबियांच्या पीलूचा अभ्यास केला आहे.

यावरून प्रश्न सुटला असे वाटेल. कारण जेथे धान्य पिकत नाही तेथे तेल पिकवल्याने कोणाचा घास जात नाही. परंतु येथेच विवेकाची खरी कसोटी आहे. 'पडीक' हा शब्द आपण फार उतावळेपणाने वापरतो. कच्छचे खाराई उंट खाडी पोहून जातात आणि तिवरांवर व खाऱ्या झुडपांवर चरतात. त्यांच्यावर मालधाऱ्यांचा संसार चालतो. खाडीच्या चिखलात कोळ्यांची मासळी व खेकडे वाढतात, पाणपक्षी उतरतात. आपल्या दप्तरात जी जमीन ओसाड, ती दुसऱ्याचे भरलेले ताट असू शकते. शिवाय समुद्राचे पाणी आत आणून पीक घेतले आणि शेजारच्या गावाच्या विहिरी खाऱ्या झाल्या, तर तो घास हिरावण्याचाच दुसरा प्रकार होय.

म्हणून अशा पिकास विरोध करणे योग्य नाही, आणि त्याचा डोळे झाकून जयजयकार करणेही योग्य नाही. मिठाने खरोखर नापीक झालेली जमीन निवडावी, तिवरांना हात लावू नये, मत्स्यतळ्यांचे वाया जाणारे पाणी वापरावे. आणि नांगर घालण्यापूर्वी तेथे गुरे चारणाऱ्यास व जाळे टाकणाऱ्यास विचारावे. त्याहून आधीचे कर्तव्य मात्र आपल्या घरचे आहे: जे इंधन वाचविता येते, त्यासाठी कोणाचीच जमीन लागत नाही.