पाणी सुटायच्या आधी

कोलाडला राफ्टिंगला गेलं की आधी वाट बघावी लागते. नदीचीच. सकाळी कुंडलिकेच्या काठावर हेल्मेट घालून, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून आम्ही वीस-पंचवीस जण सज्ज होतो, आणि समोर नुसते गोटे. मधून घोटाभर पाणी. "येईल, दहा-पंधरा मिनिटांत," गाइड म्हणाला. एसटीबद्दल सांगावं तसं.

एका उन्हात पांढऱ्या पडलेल्या गोट्यावर धोबी पक्षी शेपूट खालीवर करत बसला होता. पाणी आलं ते गाजावाजा न करता. आधी गोट्याची कड काळी झाली, मग अर्धा गोटा. धोबी उडून शेजारच्या उंच दगडावर गेला. तोही भिजला, तेव्हा तिसऱ्यावर. त्याच्या हालचालीत घाई अजिबात नव्हती, हे त्याचं रोजचंच असावं. मग तिसरा दगडही दिसेनासा झाला आणि आवाज सुरू झाला.

हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच. आहे मुळा नदीचं. आपल्या मनाने वाहतं, तर पुण्याला मुठेला भेटून भीमेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं असतं. पण मुळशीला टाटांनी धरण बांधलं, पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं आणि सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. १९२७ पासून तिथे वीज तयार होते आहे. चक्रं फिरवून झालेलं पाणी कुंडलिकेला मिळतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्र गाठतं. आम्ही पहाटे ताम्हिणीच्या वाटेवर ज्या जलाशयाच्या कडेने आलो, तेच पाणी डोंगराच्या आतून उतरून पुन्हा आमच्यापुढे उभं होतं. वीज नको असेल त्या दिवशी इथली नदी सुट्टीवर.

पुढचे दहा-बारा किलोमीटर सांगण्यासारखे फारसे नाहीत. राफ्टिंगची वर्णनं सगळी सारखीच असतात. गाइड "फॉरवर्ड" म्हणून ओरडतो, वल्हं हवेतच फिरतं, लाट तोंडावर बसते. एका उतारावर माझ्या नाकातोंडात पाणी गेलं आणि मला पुण्यातला, रोज ओलांडतो तो मुळेवरचा पूल आठवला. ठसका लागल्यावर माणसाला काय सुचेल, नेम नाही.

ज्या धरणाने हे पाणी वळवलं, त्याच्याविरुद्ध मुळशीचे शेतकरी १९२१ मध्ये सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. शेतकरी हरले, धरण झालं. शाळेत हे सगळं चार ओळींत होतं. परीक्षेला आलं तर दोन मार्कांना.

संध्याकाळी परतताना मुळशीच्या काठी चहाला थांबलो. नाक अजून चुरचुरत होतं. जलाशय इतका शांत, की त्यातून रोज एक नदी निघते यावर विश्वास बसू नये. टपरीवाल्या काकांना विचारलं, "इथली भातखाचरं पाण्याखाली गेली, ती नेमकी कुठे होती हो?"

त्यांनी गाळणीतून चहा ओतता ओतता मान वर केली. गाळणीचाच हात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"हे काय, समोरच. सगळंच."