तीनदा खान झालेला शाह अली

रशियात ओका नदीकाठी कासिमोव नावाचं गाव आहे. 1452च्या सुमारास मॉस्कोच्या दुसऱ्या वसिलीने ते कासिम या तातार शहजाद्याला तोडून दिलं. सातच वर्षांपूर्वी कासिमच्या बापाच्या फौजेने याच वसिलीला रणात पकडून जबर खंडणीवर सोडलं होतं. आता भाऊबंदकीतून जीव वाचवून कासिमच त्याच्या आश्रयाला आला होता. काझान या तातार राज्याच्या गादीवर हक्क सांगू शकणारा एखादा खान पदरी असावा, हे मॉस्कोला फार सोयीचं वाटलं.

पुढे या कामी कासिमोवचा खान शाह अली आला. 1519 साली मॉस्कोने त्याला काझानच्या गादीवर बसवलं तेव्हा तो पोरसवदा होता. दोन वर्षांत काझानकरांनी त्याला हाकललं. 1546मध्ये तो पुन्हा बसला आणि जेमतेम महिनाभर टिकला.

तिसरी खेप 1551ची. या वेळी मॉस्कोने व्होल्गेचा उजवा काठ आधीच कापून घेतला होता. काझानकर म्हणाले, तू आमचा खान ना, मग आमचा मुलूख परत आण. शाह अलीने मागितला. मॉस्कोचा झार चौथा इव्हान याने साफ नाही म्हटलं. मागणाऱ्याकडे फौजही मॉस्कोचीच होती, तेव्हा पुढे बोलणार काय! दरबारात कट शिजू लागले. शाह अलीने विरोधी सरदारांना मेजवानीला बोलावून कापून काढलं. मग गादी आणखीच डळमळली.

अखेर मॉस्कोचा निरोप आला: रशियन फौज शहरात घे. बखरकार सांगतात, शाह अलीने नकार दिला. आपण मुसलमान आहोत, धर्माशी द्रोह करणार नाही, असं त्याचं म्हणणं. आणि हेच बखरकार पुढे लिहितात की, 1552च्या मार्चमध्ये शहर सोडण्याआधी त्याने काझानच्या तोफा आणि दारूगोळा निकामी करून ठेवला. वेशीचं दार त्याने उघडलं नाही, एवढं मात्र खरं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात काझान पडलं. वेढ्यात इव्हानच्या बाजूने शाह अलीही होता.

तो कासिमोवला परतला. 1555मध्ये त्याने तिथे स्वतःसाठी दगडी मकबरा बांधला. 1567 साली तो निपुत्रिक वारला. त्याच्या गादीवर कोण बसणार, हेही मॉस्कोनेच ठरवलं. निवड साईन बुलात या तातार शहजाद्याची झाली. त्याच्यापुढे धर्माचा प्रश्न आला, तेव्हा त्याने बाप्तिस्मा घेतला आणि सिमिओन हे नाव लावलं.