मैदान

५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने एक ठराव केला. फुटबॉल हा खेळ बायकांसाठी अगदी अयोग्य आहे, त्याला उत्तेजन देऊ नये, असं त्यात म्हटलं होतं. आणि शेवटी संलग्न क्लबांना एक विनंती होती, की अशा सामन्यांना त्यांनी आपली मैदानं देऊ नयेत. हा ठराव ‘बंदी’ म्हणून ओळखला जातो. पण तो नीट वाचला तर बायकांनी खेळू नये, असा हुकूम त्यात नाही. त्यांनी खुशाल खेळावं, फक्त आमच्या मैदानांवर नको, एवढंच त्यात आहे. खेळ थांबवायचा तर खेळाडूला हात लावायची गरज नसते, हे त्या मंडळींना पुरतं कळलं होतं.

मैदानात एवढं काय असतं? ते समजून घ्यायला लँकशरमधल्या प्रेस्टन गावी जावं लागतं.

तिथे डिक-कर नावाचा कारखाना होता. ट्राम आणि रेल्वेचं सामान बनवणारा हा कारखाना पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याकडे वळला. पुरुष आघाडीवर गेले, त्यांच्या जागी बायका आल्या. चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या आवारात उमेदवार पोरांबरोबर त्या चेंडू खेळत, कपडे ठेवण्याच्या खोलीच्या बारक्या खिडक्यांवर नेम धरत. आल्फ्रेड फ्रँकलंड नावाचे कारकून हे वरून बघत असत. या आवाराला मी अंगण म्हणेन. आपल्याकडेही मुलींचे खेळ अंगणातले आणि मुलांचे मैदानातले अशी वाटणी फार जुनी आहे, आणि ती जागेच्या लांबीरुंदीवरून झालेली नाही. अंगणात बघणारी माणसं ओळखीची असतात. मैदानात अनोळखी माणूस पदरचे पैसे मोडून तुमचा खेळ बघायला येतो.

प्रेस्टनच्या मुलींनी अंगण ओलांडलं ते १९१७च्या नाताळच्या दिवशी. लष्करी इस्पितळाच्या मदतीसाठी त्यांनी कूल्टहार्ड फाउंड्रीच्या मुलींशी डीपडेलवर सामना खेळला. डीपडेल म्हणजे प्रेस्टन नॉर्थ एंड या नामांकित क्लबचं मैदान. युद्धामुळे पुरुषांची लीग १९१५पासून बंद होती, म्हणून ते मोकळं होतं. दहा हजार लोक आले. डिक-करने ४-० असा विजय मिळवला आणि इस्पितळासाठी दोनशे पौंडांवर रक्कम जमली.

मोकळं पडलं होतं म्हणून मिळालं, असं कोणी म्हणेल. सुरुवातीपुरतं ते खरं आहे. पण १९१९मध्ये पुरुषांची लीग पुन्हा सुरू झाली, आणि या मुलींच्या सामन्यांना होणारी गर्दी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. १९२०च्या वसंतात आलिस मिलिया यांनी फ्रान्सहून मुलींचा संघ आणला; त्या मालिकेतल्या डीपडेलच्या सामन्याला पंचवीस हजार लोक होते. त्याच वर्षी १६ डिसेंबरला याच मैदानावर रात्रीचा सामना झाला. दिवे कुठले आणायचे? विमानं शोधायचे दोन लष्करी झोतदिवे मागवले, त्यासाठी युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांची परवानगी मिळवली, आणि अंधारात दिसावा म्हणून चेंडूला चुना फासला. बारा हजार लोकांनी तो पाहिला. या रात्रीजवळ मी नेहमी थबकतो. आपला खेळ दिसला पाहिजे, यासाठी इतकी धडपड करणाऱ्या मुलींना मैदानाचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दहाच दिवसांनी, २६ डिसेंबरला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्या सेंट हेलेन्सच्या संघाशी खेळल्या. आत त्रेपन्न हजार प्रेक्षक होते आणि हजारो लोक फाटकाबाहेर ताटकळत होते. मुख्य आक्रमक फ्लॉरी रेडफर्डची गाडी चुकली. बचावातली कर्णधार अ‍ॅलिस केल उत्तरार्धात पुढे सरकली आणि तिने तीन गोल केले. तीन हजार पौंडांहून अधिक निधी जमला. एवढी गर्दी इंग्लंडमधल्या बायकांच्या क्लब-सामन्याला पुन्हा व्हायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

मैदानाचा आणखी एक गुण म्हणजे ते पुढचा खेळाडू घडवतं. लिली पार याच सेंट हेलेन्स गावची. ती तिथल्या संघातून खेळत असताना डिक-करचा संघ सांभाळणाऱ्या फ्रँकलंडनी तिला हेरलं, आणि १९२०मध्ये जेमतेम पंधराची ही उंच, डाव्या पायाची मुलगी प्रेस्टनला आली, कारखान्यात कामाला लागली, आणि पुढची तीस वर्षं खेळत राहिली. एक सामना दुसऱ्या गावात संघ उभा करतो आणि त्या संघात एखादी पार सापडते. ही साखळी उघड्या मैदानावरच जुळते.

मग बंदी का आली? असोसिएशनने वैद्यकीय काळजीची भाषा केली आणि मदतनिधीतला फार मोठा वाटा खर्चात जातो, असा आक्षेपही घेतला. फ्रँकलंड मुलींना सामन्यामागे दहा शिलिंग देत, बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून. १९२१मध्ये खाणमालकांनी कामगारांना बाहेर ठेवलं तेव्हा बायकांच्या संघांनी खाणकामगारांच्या कुटुंबांसाठी सामने खेळले. ते वरच्या वर्गाला खुपलं, असं काही अभ्यासक मानतात. माझ्या मते मुख्य गोष्ट सरळ आहे. सैनिकांच्या मदतीसाठी खेळणाऱ्या मुली सर्वांना हव्या होत्या. मदतीचं कारण सरलं तरी ज्यांचा खेळच बघायला लोक येतात, अशा मुली त्या मंडळींना नको होत्या.

बंदीनंतर क्लब संपला नाही. उलट १९२२मध्ये तो अटलांटिक ओलांडून गेला. कॅनडातल्या फुटबॉल संघटनेने खेळू दिलं नाही, तेव्हा अमेरिकेत पुरुषांच्या संघांशी नऊ सामने झाले. तीन जिंकले, तीन बरोबरीत सुटले, तीन हरले. डिक-कर कारखाना ज्या इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीत विलीन झाला होता, तिच्याशी पुढे फ्रँकलंड यांचं बिनसलं. संघाचं नाव प्रेस्टन लेडीज झालं. पार आणि इतर काही जणी व्हिटिंगहॅमच्या मनोरुग्णालयात परिचारिका झाल्या आणि सुट्टीच्या दिवशी खेळत राहिल्या. रग्बीचं पटांगण, गावाबाहेरचं माळरान, जे मिळेल त्यावर. नोंदींप्रमाणे क्लब एकूण ८२८ सामने खेळला आणि फक्त २४ हरला.

म्हणजे जिंकणं शिल्लक राहिलं. गेलं ते बाकीचं. त्रेपन्न हजारांच्या जागी काही शे माणसं आली. वृत्तपत्रं वळेनाशी झाली, आणि नोंदी खेळाडूंच्या घरच्या कपाटांत गेल्या. प्रेस्टनच्याच गेल न्यूशॅम यांनी म्हाताऱ्या खेळाडूंना शोधून, त्यांच्याशी बोलून १९९४मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे हा इतिहास एकत्र आला. गावाच्या मधोमध असलेलं मैदान लोकांच्या आठवणीत आपोआप राहतं. माळरानावरचे सामने असे शोधावे लागतात. सगळ्यांत मोठा तोटा मात्र कोणत्याच कपाटात सापडत नाही. बापाचं बोट धरून डीपडेलला गेली असती आणि घरी येऊन भिंतीवर चेंडू मारू लागली असती, अशी १९३०मधली मुलगी. ती आलीच नाही. फ्रँकलंड १९५७मध्ये वारले, आणि १९६५मध्ये क्लब बंद पडला तो मुख्यतः खेळायला मुली मिळेनात म्हणून.

बंदी उठली १९७०-७१मध्ये, क्लब मिटल्यानंतर. लिली पारने ते पाहिलं. ती १९७८मध्ये गेली.

२०२५मध्ये एव्हर्टनचा पुरुषांचा संघ गुडिसन पार्क सोडून लिव्हरपूलच्या गोदीतल्या नव्या स्टेडियमवर गेला. जुनं मैदान पाडायचं ठरलं होतं. ते पाडलं नाही. एव्हर्टनच्या मुलींच्या संघाला घर म्हणून दिलं. त्या हंगामापासून त्रेपन्न हजारांच्या त्या गवतावर त्या आपले घरचे सामने खेळतात.