मूर्तीची झीज

सज्जनहो, देव अविनाशी खरा, पण देवाची मूर्ती झिजते. ही झीज चांगली की वाईट, एवढाच आजचा विचार आहे.

दृष्टान्त कोल्हापूरचा घेऊ. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४४-४५ च्या सुमारास तेथे खोदकामात कांशाच्या वस्तूंचा साठा सापडला. पुढे १९४५-४६ साली डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी तेथे रीतसर उत्खनन केले. त्या साठ्यात एक मूर्ती निघाली. उंची वीतभरसुद्धा नाही. आज ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. अंबाबाईच्या दर्शनाला जाल तेव्हा अवश्य पाहा.

हा देव कोण? हा पोसायडन, ग्रीक लोकांचा समुद्रदेव. रोमन लोक यालाच नेपच्यून म्हणत. सातवाहनांच्या काळी पश्चिमेची गलबते मोसमी वाऱ्यावर भडोच, सोपारा, कल्याण या बंदरांना लागत. तिकडचा माल घाट चढून देशावर येई. त्याच काळात हा देव आपल्या मुलखात आला.

परका म्हणून त्याला हसू नका, बरं का! वादळात सापडलेला खलाशी यालाच हाक मारी. ग्रीस देशात सूनियन येथे समुद्राकाठी याचे मोठे देऊळ होते; त्याचे खांब अजून उभे आहेत. पण इ. स. ३९१-९२ मध्ये रोमच्या बादशहाने जुन्या दैवतांची पूजा बंद केली. दिवा गेला, नवस गेला, हाक मारणारा गेला. कोल्हापूरच्या मूर्तीच्या हाती आता त्रिशूळही नाही. तिला कोणी नमस्कार करीत नाही, कोणी हात लावीत नाही. म्हणून आता ती झिजतही नाही.

आता पंढरीला या. लाखो वारकरी पायांवर डोके ठेवतात, म्हणून विठोबाचे पाय झिजतात. मूर्ती जपण्यासाठी वज्रलेप करावा लागतो. २०२० सालीही केला. मूर्ती जपलीच पाहिजे. पण ती झीज कशाची? माणसांच्या प्रेमाची!

आपल्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पाहा. आजीने चिंच लावून घासला, सासूने घासला, सुनेने घासला. नाकडोळे पुसट झाले. मग घरातली तरुण मंडळी म्हणतात, "हा जुना मोडीत देऊ, नवा चकचकीत आणू." नाहीतर म्हणतात, "काचेच्या कपाटात ठेवू, शोभेला बरा." बाबांनो, असे करू नका! त्या पुसट नाकडोळ्यांत तुमच्या चार पिढ्यांचे हात आहेत. कपाटात ठेवलेला देव सुरक्षित राहील, पण घरात हाक मारणारा उरणार नाही. आणि हाक बंद पडायला बादशहाचा हुकूमच लागतो असे नाही. आपला आळसही पुरतो.

तेव्हा आजच संध्याकाळी दिवा लावा. तो झिजलेला बाळकृष्ण लेकराच्या ओंजळीत द्या, त्याच्याच हाताने आंघोळ घालू द्या. थोडा आणखी झिजेल, झिजू द्या.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!