उत्तरपूजेनंतरचे नित्यकर्म

नोकरीधंद्यासाठी मुंबईत राहणारा कोकणी चाकरमानी भाद्रपदात गणपतीसाठी मुलाबाळांसह गावच्या मूळ घरी जातो आणि दीड, पाच किंवा सात दिवसांनी, क्वचित अनंत चतुर्दशीनंतर, शहरातल्या कामावर परततो, तेव्हा त्याच्या मनाला येणारा जडपणा हा केवळ मानसिक अनुभव नसून त्यामागे धर्मविचाराचा एक जुना प्रश्न उभा असतो. भावंडे, आरत्या आणि रात्री उशिरापर्यंत रंगणारी भजने यांनी भरलेला काळ जर पवित्र मानायचा, तर सकाळची लोकल, हजेरी आणि डबा यांच्या काळाला काय म्हणायचे? उत्सव हेच खरे धर्माचरण आणि दिनक्रम म्हणजे दोन उत्सवांमधली रिकामी जागा, असे मानण्याकडे आजच्या भाविक मनाचा कल दिसतो. परंतु उत्सवातले विधी आणि त्यांमागचे शास्त्र नीट पाहिले, तर दोहोंची साक्ष याच्या विरुद्ध जाते.

या समजुतीला आधुनिक समाजशास्त्रातही एक भक्कम आधार आहे. एमिल दुर्खीम या फ्रेंच विचारवंताने १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक ग्रंथात असे मांडले की, माणसे एकत्र जमली की त्यांच्यात एक सामूहिक चैतन्य उसळते, त्यातूनच पवित्राची जाणीव जन्म घेते, आणि माणसे पांगून आपापल्या पोटापाण्याच्या उद्योगाला लागली की ती जाणीव ओसरत जाते व पुढच्या मेळाव्याने तिला पुन्हा बळ मिळते. सणानंतरच्या उदासीनतेचे हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे, पण त्यात दिनक्रमाला स्वतःचे असे काही मोल उरत नाही.

कोकणातल्या घरात प्रत्यक्ष काय घडते ते पाहिले की या मांडणीची मर्यादा दिसू लागते. तेथे देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. गाऱ्हाणे म्हणजे घरातल्या किंवा वाडीतल्या जाणत्या माणसाने सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने केलेली विनवणी, जिच्या प्रत्येक टप्प्यावर जमलेली माणसे ‘व्हय महाराजा’ म्हणून होकार भरतात. या विनवणीचा विषय मोक्ष नसतो. मुंबईला गेलेल्या लेकरांची नोकरी टिकावी, कुणाचे रखडलेले लग्न जुळावे, मुलांच्या शिक्षणाला यश यावे, वाटेत कुणाला अपघात होऊ नये, अशा गोष्टी तेथे देवाच्या कानावर घातल्या जातात. म्हणजे उत्सवाच्या ऐन गाभ्यात जे मांडले जाते, ते उत्सव संपल्यावरचे जगणेच असते. उत्तरपूजेचा, म्हणजे विसर्जनापूर्वीच्या निरोपाच्या पूजेचा, रोखही असाच आहे. ती पूजा झाल्यावर अक्षता वाहून मूर्ती जागची किंचित हलवतात आणि प्राणप्रतिष्ठेने तिच्यात आणलेले देवत्व तेव्हा परत गेले असे मानतात. पुढे ओढ्यावर किंवा समुद्रावर मूर्ती पाण्यात सोडल्यानंतर तिथलीच थोडी माती किंवा वाळू पाटावर घेऊन घरी आणण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. ज्या पूजेत देवाला वेळेवर जाऊ देणे हाही विधीचाच भाग आहे, त्या पूजेच्या दृष्टीने माणसाचे आपल्या कामावर परत जाणे ही धर्माची हानी कशी ठरेल?

मीमांसा, म्हणजे वैदिक कर्मांचा अर्थ लावणारे दर्शन, आणि तिला अनुसरणारे धर्मशास्त्र कर्मांचे तीन प्रकार सांगतात. विशिष्ट फळाच्या इच्छेने केले जाते ते काम्य, ग्रहण किंवा पुत्रजन्म अशा प्रसंगाने करावे लागते ते नैमित्तिक, आणि संध्यावंदनासारखे जे रोज करायचे ते नित्य. नित्यकर्म केल्याने वेगळे फळ मिळत नाही, मात्र ते टाळल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो, असे एक प्रमुख मत आहे. ज्याचे बक्षीस नाही आणि ज्यातून सुटकाही नाही अशा कर्माला या विचाराने धर्माचा कणा मानले, ही गोष्ट दिनक्रमाला तुच्छ लेखणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी इतकी महत्त्वाची आहे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. संध्यावंदन नित्य असेल, पण पगारासाठी केलेली नोकरी त्याच अर्थाने नित्यकर्म कशी ठरते? लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त, ज्ञानी पुरुषानेही लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी नीट राहावी यासाठी, निष्काम बुद्धीने कर्म करीत राहावे असा सिद्धान्त मांडला. तो संन्यासवादाला दिलेले समर्थ उत्तर आहे. परंतु त्याचा सैल वापर केला, तर मालकाने सांगितलेले कोणतेही काम स्वधर्म ठरू लागते आणि थकलेल्या माणसाच्या तक्रारीवर तत्त्वज्ञानाचे पांघरूण पडते. म्हणून दिनक्रमाचे धार्मिक मोल कचेरीत शोधण्यापेक्षा घरात शोधणे अधिक योग्य वाटते.

तेथे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातला पंचसूनांचा विचार उपयोगी पडतो. सूना म्हणजे हिंसेचे ठिकाण. चूल, वाटण्या-दळण्याचा दगड, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचे भांडे या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून रोज नकळत जीव दुखावले जातात, आणि त्याच्या परिमार्जनासाठी पंचमहायज्ञ, म्हणजे अध्ययन-अध्यापन, पितृतर्पण, देवांसाठी होम, भूतमात्रांना बळी म्हणजे अन्नाचा वाटा आणि अतिथीचा सत्कार, ही पाच कर्मे रोज करावयाची आहेत. त्याच ग्रंथातली जातिव्यवस्था आणि स्त्रीविषयक विधाने त्याज्य मानूनही हा विचार ठेवून घेण्याजोगा आहे, कारण केवळ जगण्यातूनच ऋण निर्माण होते, हे तो दिनक्रमाच्या पातळीवर सांगतो. मात्र त्यातही एक अन्याय दडलेला आहे: ही पाचही ठिकाणे स्त्रीच्या कष्टाची, आणि यज्ञाचा कर्ता म्हणून उल्लेख गृहस्थाचा. गावी उकडीचे मोदक वळण्यात आणि पंगती वाढण्यात जिची सुट्टी संपली, तिला परतल्यावर पुन्हा तीच चूल सांभाळावी लागत असेल, तर घरातल्या नित्याची वाटणी नव्याने केल्याखेरीज त्याला धर्म म्हणता येणार नाही.

सूनांचा हा विचार शहराला लावला की त्याची धार वाढते. मुंबईच्या नळाला येणारे पाणी बहुतांशी तानसा, वैतरणा आणि भातसा यांच्या धरणांतून, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागांतून येते. ज्या शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, तिथल्याच अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. परतलेला चाकरमानी पहाटे नळ सोडून पिंप भरतो तेव्हा पाचवी सूना घडते, आणि ती गावच्या विहिरीवर घडते त्याहून पुष्कळ दूरवर दुखावते. मूळ घर कोकणात असले, तरी हे ऋण जिथे रोज चूल पेटते आणि पाणी भरले जाते तिथे, म्हणजे शहरातल्या खोलीतच, उत्पन्न होते. ते गणपतीत गावी जाऊन फिटत नाही, आणि त्यातला शहापूरच्या पाड्यांचा वाटा कोणत्या यज्ञाने द्यायचा, हे ठरवण्याचे काम धर्मशास्त्राच्या आजच्या अभ्यासकांनी अजून पुरेशा गांभीर्याने हाती घेतलेले दिसत नाही.