तीन ओळी

नृसिंहवाडीत पुराची पायरी-पायरीची नोंद प्रत्येकाच्या डोक्यात असते. कृष्णा आणि पंचगंगा फुगल्या की आधी घाट जातो, मग पाणी दत्तमंदिरात शिरतं. पादुकांवरून वाहत ते दक्षिण दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वाराच्या स्नानाला गर्दी लोटते. आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात आणि दुकानदार माल माळ्यावर टाकायला लागतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये मात्र हा सगळा हिशेब चुकला. देवळाकडे जाणाऱ्या गल्लीतल्या एका छापखान्याचा माळाही पाण्याखाली गेला. कागदाची रिमं, छपाईचं यंत्र, संगणक सगळं गेलं. घरातल्या आज्जांनी एक हार्ड डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवली होती, तेवढी वाचली.

त्या डिस्कमध्ये वीसेक वर्षांचं काम होतं. स्तोत्रांच्या पुस्तिका, उत्सवाच्या पत्रिका, अभिषेकाच्या पावत्या, लग्नपत्रिकांचे मजकूर. चिखल काढून झाल्यावर नवा संगणक आला, डिस्क जोडली, आणि पडद्यावर दत्ताच्या आरतीऐवजी इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि कंस यांचा भाजीपाला उमटला. जुनं डीटीपीचं सॉफ्टवेअर संगणकामागे खोचायच्या डोंगलवर चालायचं. डोंगल पुरात गेला होता, आणि त्याच्याशिवाय त्या मजकुराला वाचा नव्हती.

असं का होतं, ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या छापखान्यात विचारावं. युनिकोड रुळण्याआधी फॉन्ट बनवणारा जो तो आपल्या सोयीनं इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवायचा. एकाकडे जिथं ‘क’, तिथं दुसऱ्याकडे ‘भ’. 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. पण आपले छापखाने त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टांवर चालत राहिले.

नातू इचलकरंजीला इंजिनिअरिंग शिकत होता. तो घरी आला आणि डिस्क घेऊन बसला. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्राम त्याला फुकट मिळाला. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते ती मागे न्यायची, रफार नंतर असतो तो पुढे आणायचा, असली किचकट कामं तो करायचा. मजकुरातला केरकचरा झाडायला दुसरी एक लायब्ररी मिळाली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आणि आपल्या प्रोग्राममध्ये तसाच वापरता येणारा कोड. जोडाक्षरं नीट मांडायला हार्फबझ होतं. बेहदाद एस्फाहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरनं उभं केलेलं हे काम आज अँड्रॉइडमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये आहे. वाडीला येणारा भाविक मोबाइलवर मराठी वाचतो तेव्हा बहुधा त्याच्या आधारानंच वाचतो. फॉन्ट घेतला मुंबईच्या एक टाइपचा मुक्त. तोही खुला.

“ह्या सगळ्याचं किती झालं?” आज्जांनी विचारलं.

“काही नाही. ओपन सोर्स आहे. कोडसुद्धा उघडा असतो, कुणीही बघावा, बदलावा.”

“आणि ज्यांनी केलं त्यांचं पोट?”

नातवाकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर जगाकडेही ते धड नाही. 2016 च्या मार्चमध्ये एका प्रोग्रामरनं रागावून आपल्या लायब्ऱ्या काढून घेतल्या. त्यात लेफ्ट-पॅड नावाची अवघ्या 11 ओळींची एक होती. मजकुराच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरून तो ठरावीक लांबीचा करायचा, एवढंच तिचं काम. ती नाहीशी होताच जगभरचे हजारो प्रोग्राम बांधताना अडकून पडले आणि काही तासांत ती परत बसवावी लागली. मोठमोठ्या कंपन्यांचा डोलारा कुणाच्या तरी रिकाम्या वेळेतल्या कामावर उभा असतो, हे त्या दिवशी पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

छापखाना पुन्हा सुरू झाला. पूरग्रस्त दुकानदारांच्या डिस्कही नातवाकडे यायला लागल्या. कुरुंदवाड, शिरोळ, जयसिंगपूर, सगळीकडून काम येई. दत्तजयंतीला महाप्रसादाच्या खर्चाचा एक जुना तक्ता त्यानं युनिकोडमध्ये करून छापला. आज्जांनी तो चष्मा वर सारून वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘आचार्यांना विडा-दक्षिणा’.

“आरं, भात शिजवणाऱ्यांना आचार्य करून ठेवलंस?”

मूळ तक्त्यात ‘आचाऱ्यांना’ होतं. नातवानं शोध घेतला तेव्हा दोष त्या केर झाडणाऱ्या लायब्ररीत निघाला. मराठीत ‘ऱ्य’ लिहिण्याची एक जुनी रीत अशी की ‘र्’ आणि ‘य’ यांच्यामध्ये एक शून्य रुंदीचं, डोळ्यांना न दिसणारं चिन्ह टाकायचं. फॉन्ट बदलणारा प्रोग्राम ते इमानानं टाकत होता. हिंदीला त्याची सहसा गरज पडत नाही. लायब्ररी लिहिणाऱ्याला ते अदृश्य चिन्ह कचरा वाटलं, म्हणून ती ते पुसत होती. चिन्ह गेलं की ‘र’चा रफार होऊन डोक्यावर चढे. नातवानं तीन ओळी घातल्या. झाडू फिरवण्याआधी असा ‘र्’ दिसला तर त्याजागी युनिकोडचा स्वतंत्र ‘ऱ्’ बसवायचा. आचारी पुन्हा आचारी झाले.

“ज्याची ती लायब्ररी, त्याला कळवलंस?” आज्जांनी विचारलं.

“कशाला? जयसिंगपूरचा छापखाना हीच लायब्ररी वापरतो. त्यांच्यात चुका राहू देत की. गिऱ्हाईक आपल्याकडं येईल.”

आज्जा उमेदीत खिळे जुळवायचे. शिशाचे खिळे, लाकडी केस, एकेका अक्षराचा एकेक खण. मोठ्या पोथीचं काम लागलं की नेमकं कुठलंतरी जोडाक्षर संपायचं. मग कुरुंदवाडच्या छापखान्यात माणूस धाडायचा आणि मूठभर खिळे उसने आणायचे. भाडं कुणी घेत नसे. “पण खिळा परत त्याच्या खणात जायचा,” आज्जा म्हणाले, “आणि आपल्याकडं नवा ओतून आला असंल तर तो बी संगं जायचा. न्हाईतर पुढच्या बारीला माणूस रिकाम्या हातानं परत यायचा.”

नातू हसला आणि कामाला लागला.

त्या लायब्ररीच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर त्याच्या तीन ओळी पुसल्या जात आणि त्या पुन्हा हातानं घालाव्या लागत. 2021 च्या सुरुवातीला गावातले एक निवृत्त गुरुजी वाडीवरची छोटी पुस्तिका घेऊन आले. संगम, औदुंबर, नृसिंहसरस्वतींचं इथलं वास्तव्य, टेंबे स्वामींच्या आठवणी, असं सगळं त्यांनी टाळेबंदीच्या दिवसांत लिहून काढलं होतं. छपाईचा खर्च पेन्शनीतून. काम घाईचं होतं. आदल्याच रात्री नातवानं लायब्ररी अद्ययावत केली होती आणि तीन ओळी घालायच्या राहून गेल्या होत्या. मुद्रितं गुरुजींनी तपासली होती, पण ती जुन्या आवृत्तीवर काढलेली होती.

गठ्ठे बांधून झाले. गुरुजींनी एक प्रत उघडली. पहिल्याच पानावर घाटाच्या ‘पायर्या’. पुढे ‘दुसर्या’ दिवशीची पालखी, ‘सार्या’ गावाचा उत्सव. पानागणिक तेच. त्यांनी खिशातलं पेन काढलं, ‘पायर्या’वरचा रफार खोडला, शेजारी ‘ऱ्या’ लिहिलं, पान उलटलं आणि पुढचा खोडला. एक शब्दही बोलले नाहीत. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेला तो हात. नातवानं त्यांच्या हातून प्रत काढून घेतली, पुस्तिका आपल्या खर्चानं पुन्हा छापून देईन असं सांगितलं, आणि दिली. छापखान्याची दोन महिन्यांची कमाई त्यात गेली.

ती छपाई चालू असतानाच त्यानं तीन ओळी लायब्ररीच्या मूळ ठिकाणी पाठवल्या. तिथं शोधताना त्याला काठमांडूच्या एका मुलीची कितीतरी जुनी तक्रार सापडली. नेपाळीतही हाच ‘ऱ्य’ लागतो. ‘गऱ्यो’सारखं रोजचं क्रियापद या लायब्ररीतून बाहेर पडताना मोडत होतं. तिला दोष दिसला होता, उपाय माहीत नव्हता. लायब्ररी सांभाळणारा माणूस युरोपातला. त्याला देवनागरी वाचता येत नव्हती, म्हणून नेमकं काय चुकतंय हेच त्याच्या लक्षात येत नव्हतं. म्हणजे त्या तीन ओळी वाडीच्या संगणकात कुलूपबंद असताना तिकडे एक जण त्यांचीच वाट पाहत होती.

त्या माणसानं विचारलं, दुरुस्ती बरोबर आहे हे मी कशावरून ओळखू? नातवानं तपासणीचे शब्द लिहून पाठवले: पायऱ्या, दुसऱ्या, आचाऱ्यांना. सोबत ‘आचार्यांना’ही, कारण खऱ्या आचार्यांचा रफार हलता कामा नये. काठमांडूच्या मुलीनं नेपाळी शब्द जोडले. यानंतर कुणीही त्या कोडला हात लावला तर हे शब्द आपोआप तपासले जाणार होते. दुरुस्ती मूळ लायब्ररीत गेली आणि पुढच्या आवृत्तीतून सगळ्यांकडे पोचली.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. या वेळी यंत्रं आधीच हलवली होती, पण दुकान पाण्यात होतं आणि गुरुजींच्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती गुरुद्वादशीआधी हवी होती. नातवानं जयसिंगपूरच्या त्याच छापखान्यात जाऊन एक संगणक मागितला. मालकानं खुर्ची पुढे सरकवली. नातवानं सवयीनं लायब्ररीची फाइल उघडली, तर त्याच्या तीन ओळी तिथं आधीच होत्या.

“ह्यो ‘ऱ्य’चा घोळ आम्हाला लई वर्षं होता बघा,” मालक म्हणाला. “गेल्या खेपेला आपोआप मिटला. कुणीतरी निस्तरला म्हणायचा.”

नातवानं आपण निस्तरला हे सांगितलं, आणि कळवायला वर्षाहून जास्त वेळ का लावला तेही सांगितलं. मालक थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग उठला आणि पेढ्यांच्या बॉक्सवर चिकटवायच्या लेबलांचा गठ्ठा घेऊन आला. दुकानांची नावं ठरावीक लांबीवर तोडली जात होती आणि ‘कृष्णा’चं नुसतं ‘कृष्’ उरत होतं. डोळ्यांना अक्षरं दोन दिसतात, पण प्रोग्राम क, ऋकार, ष, हलन्त, ण आणि काना असे सहा मोजतो आणि मध्येच कात्री चालवतो. मालक हे वर्षानुवर्षं हातानं नीट करत आला होता आणि कुणाला बोलला नव्हता.

“हे कुठं कळवायचं असतं?” त्यानं विचारलं.

नातवानं शेजारची खुर्ची ओढली, आणि दोघं तपासणीचे शब्द लिहायला बसले.